निवृत्तीनंतर कायमचं अमेरिकेला : विमानाच्या तारखेआधी काय उरकायचं?

नारायणपेठी

मुलगी अमेरिकन नागरिक आहे, न्यू जर्सीत असते. तिने आम्हा दोघांसाठी भरलेले दोन्ही आय-१३० (नातलगाला कायमचं बोलावण्याचे अर्ज) मंजूर झालेत. आता एनव्हीसीला (अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राला) कागदपत्रं चढवायची आहेत, मग मुंबईच्या मुलाखतीची वाट पाहायची. वयं ६८ आणि ६४.

मालमत्ता अशी: कोथरूडला १९९८ मध्ये घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट (दोघांच्या नावावर), तीन बँकांत एफडी, बऱ्यापैकी म्युच्युअल फंड, एक पीपीएफ, बँकेची पेन्शन. शिवाय वाईजवळ सौ.च्या वाट्याची दीड एकर शेती.

प्रश्न चार.
१) फ्लॅट विकून जावं की भाड्याने द्यावा?
२) एफडी, फंड, पीपीएफ यांचं काय करायचं?
३) आरोग्यविमा कसा? मेडिकेअर (अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा विमा) लगेच मिळतं असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो कधीच नाही.
४) थंडीत भारतात आणि उन्हाळ्यात तिकडे, असं सहा-सहा महिने जमतं का?

मुलगी म्हणते, व्हिसा मिळाला की लगेच या, बाकीचं नंतर बघू. ते "नंतर बघू" पटत नाहीये म्हणून विचारतोय.

हिशेबनीस

पटत नाहीये ते बरोबरच आहे. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्ही कोणत्या तारखेला न्यूअर्कला उतरता यावर ठरतात. आधी उरकलं तर स्वस्त, नंतर उरकलं तर महाग, अशा बऱ्याच गोष्टी यात आहेत.

भारतात "अनिवासी" दोन कायद्यांनी ठरतो आणि दोन्हींची घड्याळं वेगळी आहेत. फेमाप्रमाणे (परकीय चलन कायदा) कायमचं राहायला म्हणून निघालात की त्याच दिवसापासून अनिवासी. आयकरात दिवस मोजतात. वर्षात १८२ दिवसांची जी सवलत सगळे सांगतात, ती नोकरीसाठी देश सोडणाऱ्यांची (आणि जहाजावरच्यांची). निवृत्त माणूस मुलांकडे राहायला जातो तेव्हा ती लागू होत नाही. त्या आर्थिक वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तर ते अख्खं वर्ष तुम्ही निवासीच. म्हणजे नोव्हेंबरात निघालात तरी ३१ मार्चपर्यंत आयकराच्या दृष्टीने इथलेच. इथे भलेभले सल्लागारही घसरतात.

फ्लॅटच्या बाबतीत याचा अर्थ असा. समजा दीड कोटीला विकला. तुम्ही निवासी असाल तर घेणारा १ टक्का कापतो, म्हणजे दीड लाख. अनिवासी झाल्यावर विकलात तर साडेबारा टक्के, त्यावर १० टक्के अधिभार (दोघांचा वाटा प्रत्येकी ७५ लाख धरून) आणि ४ टक्के सेस. घेणारा सहसा हे पूर्ण किमतीवर कापतो, नफ्यावर नाही. साधारण २१ लाख ४५ हजार सरकारजमा. कमी टीडीएसचा दाखला (जुन्या कायद्यातलं कलम १९७) आधी काढला तर हे टळतं, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर थांबायला घेणारा तयार हवा. नाहीतर रिटर्न भरून परताव्याची वाट बघायची.

दुसरं म्हणजे इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं). २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला "साडेबारा टक्के सरसकट" की "वीस टक्के इंडेक्सेशनसह" हा पर्याय फक्त निवासी व्यक्तीला आहे. पण तो तुम्हाला उपयोगी आहे का हे आधी तपासा, नाहीतर उगाच घाईत विकाल. १९९८ च्या घराला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते (त्या दिवसाच्या रेडीरेकनरपेक्षा जास्त नाही). समजा ती २० लाख. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, म्हणजे इंडेक्स केलेली किंमत ७५.२ लाख. वीस टक्क्यांनी कर १४.९६ लाख, साडेबारा टक्क्यांनी १६.२५ लाख. फरक सव्वा-दीड लाखांचा. तीच २००१ ची किंमत १० लाख असेल तर उलट साडेबारा टक्केच स्वस्त पडतात. ढोबळ हिशेब: विक्रीची किंमत २००१ च्या किमतीच्या सुमारे ८.४ पटींपेक्षा कमी असेल तरच इंडेक्सेशनचा फायदा. तेव्हा नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून २००१ चा रिपोर्ट आधी घ्या, मग ठरवा.

भाड्याने द्यायचा तर भाडेकरूला दरमहा ३१.२ टक्के टीडीएस कापून भरावा लागतो. बहुतेक भाडेकरू हे ऐकून पळतात, किंवा कापत नाहीत आणि पुढे नोटीस येते. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. काही सोसायट्या मनाला येईल ते लावतात, तिथे शासननिर्णय दाखवावा.

शेती ठेवायला अडचण नाही. नवीन शेतजमीन मात्र घेता येणार नाही, आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच. महाराष्ट्रात तोही शेतकरीच हवा. सातबाऱ्यावर सौं.चं नाव सासरच्या नावाने आहे की माहेरच्या, तेवढं जाण्याआधी बघून ठेवा.

एडिसनचा_आकडेमोड्या

हिशेबनीसांनी भारताची बाजू मांडली, मी अमेरिकेची मांडतो.

ग्रीन कार्डधारकाला जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत रिटर्न भरावं लागतं. पुण्याच्या बँकेतलं व्याज, पेन्शन, पीपीएफचं "करमुक्त" व्याज, सगळं त्यात येतं. पीपीएफ इथे करमुक्त नाही. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण पीपीएफवर भारतात कर भरलेलाच नसतो, मग क्रेडिट कशाचं घेणार? खातं मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, अनिवासी झाल्यावर मुदतवाढ मिळत नाही. मुदत संपत आली असेल तर काढून मोकळे व्हा.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे म्युच्युअल फंड. भारतातला प्रत्येक फंड, अगदी लिक्विड फंडसुद्धा, इथे पीएफआयसी (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) धरला जातो. प्रत्येक फंडाचा वेगळा फॉर्म ८६२१. वेगळा पर्याय निवडला नसेल तर विक्रीचा नफा धारणकाळातल्या वर्षांवर वाटून आधीच्या वर्षांच्या हिश्शाला त्या-त्या वर्षाचा सर्वोच्च दर लावतात, वर व्याज. सीपीएची (इथल्या सीएची) फी कधीकधी कराहून जास्त होते. थेट घेतलेल्या शेअरांना ही भानगड नाही. त्यामुळे फंड इथे येण्याआधी विकायचे, भारतात इक्विटी फंडांच्या सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्याला साडेबारा टक्के भरायचे, विषय संपला.

पण विकायचे कधी, यातही एक गंमत आहे. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. समजा तुम्ही ऑगस्टात फंड विकले आणि ऑक्टोबरात उतरलात. पहिल्या वर्षी नवरा-बायकोला संयुक्त रिटर्न भरायचं असेल, तर दोघांनी वर्षभर रहिवासी होतो असा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला की ऑगस्टातला नफाही अमेरिकेच्या रिटर्नात येतो. नाही निवडला तर वेगवेगळी, ड्युअल-स्टेटस (वर्षाचा काही भाग अनिवासी, काही रहिवासी) रिटर्नं भरावी लागतात आणि आरोग्यविम्याची सबसिडी हातची जाते, कारण तिला संयुक्त रिटर्न लागतं. म्हणून फंड डिसेंबरापर्यंत विका आणि जानेवारीत उतरा. दोन्ही देशांची वर्षं त्यात नीट बसतात.

फ्लॅटला मात्र इथे घाई नाही. मालकीच्या घरात विक्रीआधीच्या पाच वर्षांतली दोन वर्षं राहिला असाल तर संयुक्त रिटर्नवर ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ आहे, आणि घर भारतात असलं तरी चालतं. म्हणजे निघाल्यापासून तीन वर्षं हातात आहेत. भाड्याने दिला तरी तीन वर्षांच्या आत विकला तर ही माफी मुख्यतः टिकते, फक्त घसारा मोजावा लागतो.

एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल): भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून वर्षातली कमाल रक्कम १०,००० डॉलरच्या वर गेली की भरायचा. तो आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) रिटर्नपेक्षा वेगळा, ऑनलाइन, फुकट. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. संयुक्त खात्याची पूर्ण रक्कम प्रत्येकाच्या एफबारमध्ये येते. मुलीचं नाव "आयदर ऑर सर्व्हायव्हर" म्हणून तुमच्या एखाद्या एफडीला लावलेलं असेल, तर तिने आजवर एफबार भरलाय का हे आजच विचारा. आईवडिलांनी प्रेमाने लावलेलं नाव इथे कागदोपत्री तिचं खातं असतं.

कागदपत्रवाला

घाईत राहून जाणारी गोष्ट आधी सांगतो: नावं. लग्नात बायकोचं पहिलं नाव बदलायची आपली पद्धत अमेरिकन अधिकाऱ्याला ठाऊक नसते. शाळेच्या दाखल्यावर कमल, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सुनंदा, पासपोर्टवर सुनंदा. कमल आणि सुनंदा एकच, याला पुरावा लागतो. राजपत्रातली नावबदलाची नोंद उत्तम, नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावं असलेला एखादा जुना कागद.

वडिलांच्या अर्जात मुलीच्या जन्मदाखल्याबरोबर विवाहदाखलाही लागतो. तुमच्या पिढीतल्या पुष्कळ लग्नांची नोंदणीच नाही, ती आता करून घ्या. जन्मदाखला नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा "नोंद उपलब्ध नाही" असा दाखला आणि सोबत शाळेचा दाखला. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. छातीच्या एक्स-रेत जुन्या टीबीचा डाग दिसला तर तीन दिवस सकाळची थुंकी देऊन कल्चर करायला लावतात, त्याला आठ आठवडे. तरुणपणी टीबी होऊन गेला असेल तर तेव्हाचे कागद शोधून ठेवा.

आकडेमोड्यांच्या जानेवारीला जोडून: तपासणीचा अहवाल साधारण सहा महिने ग्राह्य असतो आणि व्हिसाची मुदत त्यापुढे जात नाही. तेव्हा मुलाखतीची तारीख आली म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी तपासणी उरकू नका. मुलाखत जुलैत आणि उतरायचं जानेवारीत असेल, तर तपासणी कधी करायची ते दिवस मोजून ठरवा.

नारायणपेठी

फंड आणि डिसेंबर-जानेवारीचं गणित डोक्यातही आलं नव्हतं. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाबद्दल कुणी सांगेल का? मुलीला नोकरीतून जो विमा आहे त्यात आम्हाला घालता येईल असं ती म्हणते.

जर्सीची_नर्स

बहुतेक कंपन्यांच्या विम्यात आईवडील बसत नाहीत. तिला एचआरकडून लेखी घ्यायला सांगा.

मेडिकेअरचं सांगणारे दोघेही अर्धे बरोबर. ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे वास्तव्य, मग विकत घेता येतं. अमेरिकेत नोकरीची ४० क्वार्टर (तिमाह्या) नसल्याने पार्ट ए (रुग्णालयाचा भाग) फुकट मिळणार नाही. २०२६ चे दर: पार्ट ए महिना ५६५ डॉलर, पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) २०२.९० डॉलर. दोघांचे मिळून १,५३५ डॉलरच्या वर, शिवाय औषधांचा पार्ट डी वेगळा. भारत-अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे भारतातली नोकरीची वर्षं इथे जोडता येत नाहीत.

पहिली पाच वर्षं राज्याच्या मार्केटप्लेसवरून (सरकारी विमाबाजारातून) विमा घ्यायचा. न्यू जर्सीत तो गेटकव्हर्डएनजे. उतरल्यापासून ६० दिवसांत घेतला नाही तर पुढच्या खुल्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं, आणि न्यू जर्सीत विमा नसेल तर राज्याचा दंड आहे. वयानुसार हप्ता तरुणाच्या तिपटीपर्यंत जातो, म्हणून सबसिडी महत्त्वाची. २०२६ मध्ये केंद्र सरकारची सबसिडी दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २१,१५० ते ८४,६०० डॉलर उत्पन्न असेल तरच. खालची रेघ नीट बघा: पेन्शन आणि व्याज मिळून उत्पन्न २१,१५० च्या खाली गेलं तर सबसिडी शून्य, आणि मेडिकेडला (गरिबांसाठीच्या सरकारी विम्याला) बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची अट. गरिबाला काहीच नाही, अशी ही विचित्र फट आहे. सगळ्या एफडी मुलीच्या नावावर करून उत्पन्न कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर तो इथेच अंगाशी येतो. मुलीने तुम्हाला करासाठी अवलंबित दाखवलं तर हिशेब तिच्या उत्पन्नावर होतो, म्हणून ती गोष्टही आधी बोलून घ्या.

"व्हिजिटर इन्शुरन्स" नावाचं जे स्वस्त मिळतं ते पर्यटकांसाठी. मधुमेह, बीपी, जुनं हृदयाचं दुखणं त्यात धरत नाहीत, आणि खर्च नेमका त्याचाच येतो.

मोतीबिंदू, कवळी, रूट कॅनॉल, श्रवणयंत्र पुण्यातच करून या. मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीचे दात, चष्मा आणि श्रवणयंत्र नाही. औषधं नव्वद दिवसांची आणा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यावर ब्रँड नाही तर औषधाचं मूळ नाव. पॅरासिटामॉल इथे असेटॅमिनोफेन नावाने मिळतं, एवढंही ठाऊक नसल्याने लोक दोन्ही एकदम घेतात.

भारतातला मेडिक्लेम बंद करू नका. मेडिकेअर भारतात चालत नाही, आणि सत्तरीत नवीन पॉलिसी मागितली तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून.

दोन_घरचा_पाहुणा

चौथा प्रश्न. सहा महिन्यांच्या आत परतलं की ग्रीन कार्ड शाबूत, हा समज चुकीचा आहे. कार्ड हे इथे राहण्यासाठी आहे, दरवर्षी येऊन शिक्का मारून घेण्यासाठी नाही. एक-दोनदा पाच-पाच महिने गेलात तर काही होत नाही. दरवर्षी तोच ठेका धरलात आणि इथे ना भाडेपावती, ना रिटर्न, ना गाडीचं लायसन्स, तर विमानतळावर प्रश्न सुरू होतात. १८० दिवसांच्या पुढे गेलात तर चौकशी जास्त कडक, वर्षाच्या पुढे गेलात तर नुसत्या कार्डावर प्रवेश नाही. फ्लॅट विकायला वगैरे जास्त दिवस लागणार असतील तर आधी री-एंट्री परमिट (फॉर्म आय-१३१). तो अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा, बोटांचे ठसेही इथेच द्यायचे. परमिट साधारण दोन वर्षांचं मिळतं.

विमानतळावर आय-४०७ पुढे केला तर ते "स्वेच्छेने" कार्ड सोडण्याचं पत्र आहे. सही करायची सक्ती नाही. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. थकलेल्या प्रवासात आजी-आजोबा हे न वाचता सही करतात.

नागरिकत्वाला पाच वर्षं, त्यातले किमान ३० महिने प्रत्यक्ष इथे. वय झालंय म्हणून इंग्रजी माफ असं समजू नका: ती माफी ५० वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड, किंवा ५५ वय आणि १५ वर्षं, अशी आहे. पाच वर्षांवर अर्ज केलात तर ७३ व्या वर्षीही इंग्रजी द्यावं लागतं, आणि नागरिकशास्त्राचे २० पैकी १२ प्रश्न. वैद्यकीय कारण असेल तर एन-६४८ (डॉक्टरने भरायचा माफीचा फॉर्म).

मनात खरंच सहा-सहा महिनेच असतील तर पर्यटक व्हिसा बरा होता. पण स्थलांतराचा अर्ज मंजूर झाल्यावर तो नव्याने मिळणं अवघड.

हिशेबनीस

राहिलेलं थोडक्यात.

खाती: निघताना बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्या. जुन्या एफडी मुदतीपर्यंत चालतात, पण एनआरओच्या नव्या एफडीवर ज्येष्ठांचा वाढीव दर नाही, १५एच (टीडीएस न कापण्याचा फॉर्म) चालत नाही, व्याजावर ३१.२ टक्के कापतात. अमेरिकेकडून फॉर्म ६१६६ (रहिवासाचा दाखला) आणून बँकेत दिलात तर दोन देशांमधल्या करकरारानुसार १५ टक्के. एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या दाखल्यासह. निघण्याआधी निवासी म्हणून पाठवलेत तर वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर, पण १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) आगाऊ कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो.

कुलमुखत्यारपत्र जाण्याआधीच करा, घराच्या व्यवहाराचं असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. जवळच्या नातलगाला विनामोबदला दिलं तर मुद्रांक ५०० रुपये. त्रयस्थाला विक्रीचे अधिकार दिलेत तर खरेदीखताइतकं मुद्रांकशुल्क. तिकडून करून पाठवलंत तर भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. आणि देणारा गेला की पत्रही संपतं, म्हणून मृत्युपत्र वेगळं हवंच.

एडिसनचा_आकडेमोड्या

एक क्षुल्लक वाटणारी, पण सगळं अडवणारी गोष्ट. बँक, आयकर, आधार, हयातीचा दाखला, सगळ्यांचे ओटीपी तुमच्या पुण्याच्या नंबरावर येतात. निघण्याआधी त्या नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा आणि रिचार्ज संपू देऊ नका, नाहीतर नंबर दुसऱ्याला जातो. मुलगी आल्याबरोबर नवा आयफोन हातात देईल. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून सिमची खाचच नाही. म्हणून पुण्यातच दुकानात जाऊन सिमचं ई-सिम करून घ्या, किंवा जुना फोन चार्जरसकट बॅगेत टाका.